हवं तेवढं आणि शून्य

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात एक फोल्डर असतो, जो कुठल्याच डिस्कवर नसतो. आधी सिस, मग एफएस, मग सीग्रुप, अशा तीन पायऱ्या उतरल्या की तो सापडतो. यंत्र बंद केलं की विरून जातो, चालू केलं की पुन्हा हजर. तिथं जाऊन आपण एक कोरा फोल्डर तयार करावा, त्याला 'पाहुणे' असं काहीबाही नाव द्यावं आणि सहज आत डोकवावं, तर फायली आधीच ओळीनं बसलेल्या असतात. आपण एकही ठेवलेली नसते. यादीत प्रत्येकीचा आकार शून्य दिसतो, आणि उघडली की एखादा आकडा, नाहीतर एखादा शब्द समोर येतो. गंमत पुढंच आहे. हा फोल्डर काढून टाकायचा झाला तर त्या फायली पुसाव्या लागत नाहीत. खरं तर पुसताच येत नाहीत. आत एकही प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, जिवंत नसली आणि पोटात दुसरा फोल्डर नसला, की कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लेखी तो रिकामाच. फायलींनी गच्च भरलेला फोल्डर रिकामा, आणि कोपऱ्यात एखादी प्रोसेस डुलक्या घेत असली तर मात्र भरलेला! सामानाकडे ढुंकूनही न बघता, कुणी नांदतंय की नाही एवढ्यावरून जागेचं रिकामपण ठरवणारी ही रीत पहिल्यांदा कळली तेव्हा मला कर्नेलविषयी उगाचच आपलेपणा वाटला.

या फोल्डरांना सीग्रुप म्हणतात आणि त्यांचं काम वाटणीचं. संगणकावर एका वेळी शेकडो प्रोसेस नांदत असतात आणि त्यांतल्या प्रत्येकीला मनापासून वाटत असतं, की हे यंत्र आपल्या एकटीसाठीच घेतलेलं आहे. अशांना आवर घालण्याचे जुने उपाय होते. यूलिमिट होतं, त्यानं एकेका प्रोसेसला मर्यादा घालता यायची. नाइस नावाची एक आज्ञा होती आणि अजून आहे. उणे २० पासून १९ पर्यंतचा एक आकडा दिला, की कुणी पुढं घुसायचं आणि कुणी दमानं घ्यायचं हे ठरायचं. पण मर्यादा माणशी घातली की जे व्हायचं तेच झालं. मला एवढंच घेता येतंय ना, मग मी चार पोरं जन्माला घालते, ती आपापलं घेतील. प्रोसेसला पोरं व्हायला फोर्क नावाचा एक हुकूम पुरतो, नऊ महिने लागत नाहीत. तेव्हा मर्यादा घालायची तर ती अख्ख्या कुळाला घालायला हवी, हे उघडच होतं. गूगलमधल्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये हे काम हाती घेतलं. २००८ च्या जानेवारीत २.६.२४ या आवृत्तीबरोबर सीग्रुप लिनक्सच्या मुख्य कर्नेलमध्ये आले. मेमरीचा हिशेब ठेवणारा भाग पाठोपाठ २.६.२५ मध्ये आला. त्याच्या मूळ फायलीच्या माथ्यावर आयबीएमचे बलबीर सिंग आणि ओपनव्हीझेडचे पावेल एमेल्यानोव्ह यांची नावं आहेत. नियम साधा होता. पोर जन्मेल ते आईच्या गटात जन्मेल, त्याचं पोरही त्याच गटात. प्रोसेस कितीही वेळा व्याली तरी गोत्र सुटायचं नाही.

माणशी वाटायचं की घरटी, या प्रश्नानं मग २०१० च्या नोव्हेंबरात एक छान वळण घेतलं. कल्पना करा, एक गृहस्थ संगणकावर एका बाजूला सिनेमा बघतोय आणि दुसऱ्या बाजूला त्यानं कर्नेलचा सारा कोड कंपाइल करायला लावलाय. कंपाइल करणाऱ्या प्रोसेस चौसष्ट, सिनेमा दाखवणारी एक. सीपीयूचा वेळ वाटणारा शेड्यूलर कसोशीनं न्यायी. त्यानं सीपीयूचे पासष्ट समान भाग केले आणि एक सिनेमाला दिला. हिशेबात कुठंही खोट नाही, आणि पडद्यावर नायिका मान वळवायला घेते ती अर्ध्यातच थिजते. माइक गॅलब्रेथ यांनी सुमारे दोनशे ओळींचा एक पॅच लिहिला आणि सांगितलं, की एका ठिकाणाहून सुरू झालेल्या साऱ्या प्रोसेस म्हणजे एक बिऱ्हाड धरा. आधी बिऱ्हाडांत वाटा, मग बिऱ्हाडातले आपसांत बघून घेतील. चौसष्टांचं बिऱ्हाड एक, सिनेमाचं एक. नायिकेनं मान वळवली. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हल्ड्स सहसा कौतुकाला हात आखडता घेणारे, पण तेही खूष झाले. पुढच्या मार्चमध्ये हा पॅच २.६.३८ मध्ये रुजू झाला.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या जुन्या घरातला तांब्याचा बंब आठवला, कारण हा पॅच माझ्या आजीनं त्याच्या कितीतरी आधी काढलेला होता. मागच्या पडवीत तो बंब असे, पोटात नळकांडं, खाली जाळी, बाजूला पितळी तोटी. पहाटे धाकटी काकू उठे, कालची राख काढी, नळकांड्यात बंबफोड रची, आणि आम्हाला जाग यायची ती त्या धुराच्या वासानं. घरात चार भाऊ, चार खोल्या, आणि गरम पाण्याचा बंब एकच. आजीचा कायदा होता: खोलीला दोन बादल्या. थोरल्या काकांची पाच पोरं आणि ते दोघं, सात जणांत दोन. माडीवरच्या खोलीत लग्न न केलेले नानाकाका एकटे, त्यांनाही दोन. पोरांच्या बाजूनं याविरुद्ध दरवर्षी उठाव व्हायचा आणि दरवर्षी आजी एकच उत्तर द्यायची, "खोलीत माणसं किती वाढवायची ते ज्याचं त्यानं बघायचं. बंब काही वाढत नाही." यावर थोरल्या काकू पदर सावरत आत जायच्या आणि थोरले काका पेपर आणखी वर धरायचे. नानाकाका एका बादलीत आटपायचे. थंड पाण्याचं विसण घालून ती एकच बादली ते अशी पुरवायचे की घंगाळात शेवटी तांब्याभर उरायचंच. मग त्यांची दुसरी बादली मोकळी व्हायची आणि तिच्यावर पोरांची झडप पडायची. कुणी घेतलं नाही म्हणून पाणी थंड होऊ द्यायचं, हे आजीच्या कायद्यात बसत नव्हतं.

लिनक्सच्या दस्तऐवजात वाटणीच्या चार रीती सांगितल्या आहेत आणि आजीला त्या न वाचता ठाऊक होत्या. पहिली वजनाची. सीपीयू.वेट नावाच्या फायलीत १ ते १०००० मधला एखादा आकडा लिहायचा, न लिहिला तर १००. एकाला १०० आणि दुसऱ्याला २०० दिले की दुसऱ्याला दुप्पट, पण ओढाताण असेल तेव्हाच. पहिल्याला नको असेल तर सगळं दुसऱ्याचं. नानाकाकांची बादली म्हणजे नेमकी हीच रीत. दुसरी मर्यादेची. सीपीयू.मॅक्समध्ये ५०००० आणि १००००० असे दोन आकडे लिहिले, की दर एक लाख मायक्रोसेकंदांत पन्नास हजार तुझे, नंतर बाकी यंत्र रिकामं बसलेलं असलं तरी तू थांबायचं. ही रीत मला जरा कोत्या मनाची वाटते, पण भाड्यानं यंत्रं देणाऱ्यांचा संसार तिच्यावरच चालतो. चौथी रीत एकाला नेमून दिलेलं दुसऱ्यानं घ्यायचंच नाही अशी, ती क्वचितच लागते. माझा जीव अडकला आहे तो तिसऱ्या रीतीत. तिचं नाव संरक्षण. इथं फायलीत जो आकडा लिहायचा, तो त्या गटानं किती घ्यावं याचा नसतो. इतरांची कितीही ओढाताण होवो, या गटापाशी एवढं तरी राहू द्यायचं, असं तो आकडा बाकीच्या साऱ्यांना बजावतो.

आणि आता त्या कोऱ्या फोल्डरात पुन्हा एकदा बघायला हवं. मेमरी.मॅक्स उघडली तर तिच्यात आकडा नसतो, 'मॅक्स' असा शब्द असतो. पिड्स.मॅक्स, म्हणजे गटात किती प्रोसेस असाव्यात ती फाईल, तिच्यातही तेच. म्हणजे हवं तेवढं घ्या. मग मेमरी.मिन आणि मेमरी.लो या संरक्षणाच्या दोन फायली उघडायच्या. दोन्हींत शून्य. कुणी काही ठरवलं नाही, कुणी मध्ये पडलं नाही, तर जगाची जी आपसूक स्थिती असते ती या फायलींत चार-दोन अक्षरांत लिहून ठेवलेली आहे: घेशील तेवढं तुझं, आणि तुझ्यासाठी कुणी काही राखलेलं नाही. धाकटी काकू बंब पेटवायची आणि आंघोळीला सगळ्यांत शेवटी जायची. कुणी ठरवलं नसतं तर तिच्या वाट्याला रोज कोमट पाणीच आलं असतं. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, फक्त सगळे तिच्या आधी होते. म्हणून आजी एका ठराविक घडीला उठून तोटीला ओला पंचा बांधायची. बोलायची काही नाही. पंचा दिसला की पोरंसुद्धा बादली उलटी घालून परत फिरायची. बंबात पाणी आहे, गरम आहे, आपली पाळीही आहे, पण ते पाणी आता धाकटीचं आहे.

मिन आणि लो यांत फरक आहे आणि तो मोठा समंजस आहे. मिन म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तेवढ्या मेमरीला कर्नेल कुठल्याही संकटात हात लावत नाही, मग भले ती वाचवताना दुसऱ्या कुणाचा बळी जावो. लो म्हणजे होईल तेवढं पाळायचं वचन. दुसरीकडून निघतंय तोवर इथं हात घालायचा नाही, आणि कुठूनच निघेना तर मग नाइलाज. नरक चतुर्दशीच्या पहाटे पाहुण्यांसकट सगळ्यांना सूर्य उगवायच्या आत उटणं लावून न्हायचं असे, तेव्हा आजी स्वतःच्या हातानं पंचा सोडायची. एक पोटनियम तर असा आहे की तो वाचून मी काही वेळ नुसताच बसून राहिलो होतो. गटाला दिलेलं संरक्षण तेवढंच खरं, जेवढं त्याच्या वरच्या सगळ्या पिढ्यांच्या फोल्डरांत राखलेलं असेल. नातवाच्या फायलीत कितीही मोठा आकडा लिहा. आजोबांच्या फायलीत शून्य असेल तर नातवाच्या आकड्याला काडीचा अर्थ नाही. जन्मपत्रिका बघणाऱ्यांनीसुद्धा हे इतकं स्वच्छ सांगितलेलं मी ऐकलेलं नाही.

मर्यादेकडेही दोन फायली आहेत. मेमरी.हाय ही वडीलधाऱ्यांच्या खाकरण्यासारखी. ती ओलांडली तर कुणाला मारत नाहीत. प्रोसेसची चाल मंदावते आणि तिनं धरून ठेवलेली मेमरी कर्नेल काढून घ्यायला लागतं. मेमरी.मॅक्सपाशी मात्र खाकरणं संपतं. तिथं पोचल्यावर काही मोकळं करता येईना, तर ओओएम किलर नावाचा गडी येतो, गटात डोळे फिरवतो, बहुधा सगळ्यांत जास्त मेमरी धरून बसलेल्या प्रोसेसला हेरतो आणि तिला सिग्नल ९ देतो, ज्यावर अपील नाही. मागं एक आकडा राहतो, १३७. एकशे अठ्ठावीस अधिक नऊ. कंटेनर सांभाळणाऱ्या मुलामुलींना पहाटे तीनला हा आकडा फोनवर दिसतो आणि झोप उडते. गटातली एक मारली की उरलेल्या कशा बिचाऱ्या अर्धवट मोडलेल्या घरातल्यांसारख्या भटकतात हे पाहून २०१८ मध्ये कुणाला तरी दया आली असावी, कारण कर्नेल ४.१९ मध्ये आणखी एक फाईल आली. तिच्यात १ लिहिला की जगलो तर सगळे, गेलो तर सगळे. काय मोडलं आणि काय वाचलं याचा घोळ राहत नाही, आणि सगळं पहिल्यापासून नीट सुरू करता येतं. दया कुठल्या रूपात येईल, काही सांगता येत नाही.

सीग्रुपच्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक साधनाचं झाड वेगळं असे. एकच प्रोसेस सीपीयूच्या झाडावर एका फांदीला, मेमरीच्या झाडावर भलत्याच फांदीला, आणि डिस्कच्या झाडावर तिसरीकडेच. यातून जे तंटे उपजले ते वाचताना कोर्टाच्या निकालपत्रांची आठवण होते. प्रोसेस फाईल लिहिते म्हणजे आधी मेमरीत लिहिते. ते डिस्कवर उतरतं सवडीनं, दुसऱ्याच कुणाच्या हातून. हा डिस्कचा खर्च कुणाच्या नावावर मांडायचा? मेमरीच्या झाडाला मालक ठाऊक, डिस्कच्या झाडाला नाही, आणि दोन झाडांची बोलाचाली नाही. तेजुन हिओ यांनी सगळं एका झाडावर आणलं आणि २०१६ च्या मार्चमध्ये, ४.५ या आवृत्तीत, ही दुसरी व्यवस्था पक्की झाली. तिच्यात एक कलम असं: ज्या गटानं आपल्या पोटातल्या गटांत मेमरी-बिमरी वाटायची जबाबदारी घेतली, त्यानं स्वतःपाशी प्रोसेस ठेवायच्या नाहीत. वाटणाऱ्यानं पोरांच्या ओळीत आपलं भांडं लावायचं नाही. मुळाच्या गटाला तेवढी यातून सूट आहे. ती का, हे भारतातल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

या साऱ्या फायलींत माझी सगळ्यांत आवडती जी आहे, ती ना मर्यादेची ना संरक्षणाची. ती ताटकळण्याची आहे. योहानेस वायनर यांनी लिहिलेला हा भाग २०१८ च्या डिसेंबरात, ४.२० मध्ये आला. एरवी यंत्राचे आकडे खर्च सांगतात, इतकी मेमरी गेली, इतका सीपीयू गेला. पण नव्वद टक्के मेमरी वापरात असून सगळे सुखात असतील, आणि साठ टक्क्यांतही कुणी कुढत असेल. म्हणून ही फाईल एवढंच सांगते, की गेल्या दहा सेकंदांत, साठ सेकंदांत, तीनशे सेकंदांत किती टक्के वेळ कुणीतरी नुसतं ताटकळत होतं. दोन ओळी असतात. एका ओळीत निदान एकजण थांबला होता तो वेळ, दुसरीत सगळ्यांचीच कामं एकदम अडली होती तो. दिवसभर सगळं ठीक चाललेलं असताना मी कधी कधी ती उघडतो. पहिल्या ओळीत ०.३७ असं काहीतरी असतं. कुठल्यातरी प्रोसेसला मेमरीसाठी जरासं थांबावं लागलं. तिनं तक्रार केलेली नाही, काम झालेलं आहे, कुणाला काही जाणवलेलं नाही. तरी ते थांबणं दोन दशांश स्थळांपर्यंत कुणीतरी टिपून ठेवलं. बंबापाशी काकू किती वेळ थांबली याची अशी नोंद कुठं असती, तर आमच्या घरातल्या पुरुषांना ती दाखवायला मला आवडलं असतं.

माझ्या ताब्यातल्या यंत्रांवर मर्यादा बऱ्याच आहेत, संरक्षण मी क्वचित लिहितो. एक मात्र न चुकता. एसएसएचडी नावाची एक गरीब प्रोसेस असते. लांबून कुणी यंत्राचं दार वाजवलं तर उघडायचं, एवढंच तिचं काम. खाणं अगदी थोडं, आवाज नाही, चांगल्या दिवसांत ती आहे याचाही विसर पडतो. पण यंत्र घुसमटतं, मोठमोठ्या प्रोसेस एकमेकींच्या उरावर बसतात, आणि आत शिरून कुणाला तरी आवरावं लागतं, तेव्हा तीच लागते, आणि नेमकी तेव्हाच तीही श्वास रोखून बसलेली असते. म्हणून तिच्या मेमरी.लोमध्ये मी काही मेगाबाईट लिहून ठेवतो. तिच्या वरच्या फोल्डरातही लिहितो, पिढ्यांचा तो नियम आहे म्हणून.

ते वचन पाळलं जातं का हे बघायला मेमरी.इव्हेंट्स नावाची एक फाईल आहे. तिच्यात लो या नावापुढं एक आकडा असतो. राखलेल्या मेमरीला हात लावायची वेळ कर्नेलवर आली, की तो वाढतो. म्हणजे मोजदाद आहे ती वचन मोडल्याची. एरवी गर्दी झाली, ओढाताण झाली, दुसऱ्या कुणाकडून मेमरीची चार पानं काढून घेतली आणि हिच्यापाशी येऊन कर्नेल मुकाट्यानं परत फिरलं, असं किती वेळा झालं, त्याला रकाना नाही. हाय ओलांडल्याचे आकडे आहेत, मॅक्सला धडकल्याचे आहेत, मारल्याचे तर आहेतच. त्यामुळं लोपुढं शून्य दिसलं की त्याचे दोन अर्थ होतात. एकतर गेल्या महिन्याभरात तिच्यावर कुठलाच प्रसंग आला नाही, किंवा रोज आला आणि रोज निभावला. दोन्हींतलं खरं कुठलं, ते कर्नेलला नक्की माहीत असणार. पण त्यानं ते लिहून ठेवलेलं नाही, आणि आजवर त्याला तसं कुणी विचारलेलंही नाही.